उपवासाच्या डब्यातला कूट

गवार विळीवर चिरायची नाही, हाताने मोडायची, हा नियम सासूबाईंनी पारनेरकडच्या माहेराहून आणला. चिरताना शेंग जून की कोवळी ते कळत नाही, मोडताना बोटांना कळतं, असं त्यांचं म्हणणं. बाकी भाजी साधीच. मोहरी, लसूण, हळद, तिखट, झाकणावर पाणी आणि शेवटी मूठभर शेंगदाण्याचा भरड कूट. संगमनेरला आल्यापासून मी ती आठवड्यातून दोनदा तरी करते, आणि त्यात काही मोठी कला आहे असं मला कधी वाटलेलं नाही.

कला आहे ती डबे सांभाळण्यात. आमच्याकडे कुटाचे डबे दोन, एक रोजचा आणि एक उपवासाचा. भाजीचा चमचा उपवासाच्या डब्यात गेला की तो डबा बाटला. मला हे थोतांड वाटायचं आणि तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं होतं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या छातीत गाठ लागली. डॉक्टरांनी सुई घालून तपासलं, साधीच दिसते म्हणाले, पण तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायला सांगितलं. नवरा नोकरीसाठी पुण्यात, घरी आम्ही दोघीच. सासूबाईंनी माझ्यासाठी महादेवाला अकरा सोमवार बोलून टाकले. मी म्हटलं, त्याने तुमचं पित्त तेवढं वाढेल.

सातव्या सोमवारी मला कॉलेजच्या ऑफिसात लवकर पोचायचं होतं. गवार शिजली, रोजचा डबा उघडला तर रिकामा. हातात होता तोच चमचा मी उपवासाच्या डब्यात घातला. कुटाला हळद लागली. पिवळं झालेलं वरवर काढून भाजीत टाकलं, झाकण लावलं आणि निघाले. रस्त्यात दोनदा वाटलं, फोन करून सांगावं. केला नाही. संध्याकाळी आले तेव्हा साबुदाण्याच्या खिचडीची कढई घासून पालथी घातलेली होती. आता सांगून काय उपयोग, असं मी स्वतःला पटवलं. खरं म्हणजे मला बोलणी खायची नव्हती.

तीन महिन्यांनी गाठ होती तेवढीच निघाली. घाबरण्यासारखं काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. अकरा सोमवारही संपले होते. तरी पुढच्या सोमवारी सासूबाईंची खिचडी झाली, त्याच्या पुढच्याही. चौथ्यांदा तेच दिसल्यावर मी विचारलं, अकरा झाले ना?

त्या परात घेऊन दुसऱ्या दिवसाची गवार मोडत बसल्या होत्या.

‘‘न्हाई,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सातवा बाटला. खाऊन झाल्यावर डब्यात पिवळी गुठळी दिसली. मग पयल्यापासनं धरले.’’

मला का नाही बोललात, असं मी विचारलं.

‘‘तुला आदीच घोर हुता.’’

मला फार लाज वाटली. चमचा माझाच होता, हे मी तेव्हा कबूल केलं. घरात दोघीच, मग दुसऱ्या कुणाचा असणार, असं त्यांनी शेंगेवरची नजर न काढता सांगितलं. मी म्हटलं, म्हणजे आधीचे सात वायाच गेले.

‘‘वाया कशापायी?’’ त्या म्हणाल्या. ‘‘ते बी तुझ्याच नावचे हायेत.’’

आणि त्यांनी परात माझ्याकडे सरकवली. निम्मी गवार अजून मोडायची होती.