अळूवडीतली चिंच

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी एके काळी टीव्हीवरून अर्ध्या महाराष्ट्राला स्वयंपाक शिकवला, आणि घरात त्यांच्या हातची पोळी कुणी पोटभर खाल्ली असेल तर शपथ. आता मोबाइल उघडला की पोरीटोरी कढया घेऊन उभ्याच असतात. तेव्हा सगळ्यांना मिळून एकच बाई होती आणि ती आमच्या घरात राहायची.

शनिवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत ओटा भिंतीला होता. कार्यक्रम सुरू झाला तसा जाऊबाईंनी गॅस टेबलावर आणला आणि दाराकडे तोंड करून मांडला. म्हणाल्या, "स्वयंपाक करताना माणसांकडे पाठ करणं बरं दिसत नाही." माणसं म्हणजे मी आणि दूधवाला. चहालासुद्धा सगळं वेगवेगळ्या वाट्यांत लागायचं. साखरेची वाटी, पावडरीची वाटी, आल्याची वाटी. घोटभर चहाला पाच वाट्या, आणि धुवायला मी. बोलणंही टीव्हीवरचं झालं होतं. मोठे दीर आवाज चढवायला लागले की त्या हसून म्हणत, "आता आपण आच जरा मंद करून घेऊ या." दीर निम्म्यात गप्प.

पण खरी खोड म्हणजे पदार्थ अर्ध्यावर सोडायची. टीव्हीवर वेळ थोडा, म्हणून तयार पदार्थ टेबलाखालून काढून दाखवायची पद्धत होती. घरीही पाहुण्यांपुढे त्या शिऱ्याचा रवा दोनदा परतत आणि टेबलाखाली वाकत. तिथे तयार शिरा असायचा, कारण तो मी करून ठेवलेला असायचा. टीव्हीवरचे तयार पदार्थही माझेच. आदल्या दिवशी करून डब्यात भरून द्यायची. मुंबईपर्यंत तो डबा त्या मांडीवरून खाली ठेवत नसत.

अळूवडीच्या वेळी मी उंडे उकडून दिले, शिवाय पानांना लावायचं पीठही घरीच कालवून दिलं. तेवढाच त्यांचा वेळ वाचेल म्हणून. चिंचेचा कोळ सगळाच त्या पिठात गेला, वाटीत दाखवायला उरला नाही. जाऊबाई सांगायच्या ते समोर दाखवायला मांडलेल्या वाट्या बघून. बेसन सांगितलं, गूळ सांगितला, तिखट, तीळ सगळं सांगितलं. चिंचेची वाटीच नव्हती, चिंच राहिली.

पुढच्या आठवड्यात पोस्टकार्डांची थप्पी आली. ज्यांना मुळात येत होतं त्यांनी चिंच घातली. नव्या सुनांनी टीव्हीवर विश्वास ठेवला आणि घरंच्या घरं घसा खाजवत बसली. एकीने लिहिलं होतं, "सासऱ्यांच्या श्राद्धाला वड्या केल्या. गुरुजींचा घसा धरला, पुढचे मंत्र खुणांनी झाले." मी हसले. जाऊबाई हसल्या नाहीत. त्या तशाच मुंबईला गेल्या, टीव्हीवरून चूक सांगू द्या म्हणाल्या. तिथले साहेब म्हणाले, "बाई, या आठवड्यात पुलाव आहे. अळू झालं आता." पुढे कार्यक्रम बंद पडला आणि सांगायचं राहून गेलं.

मग त्या तोंडी सांगत सुटल्या. लग्नात, दवाखान्यात, रिक्षात. पुढे आम्ही हडपसरला राहायला गेलो, तिथल्या बाजारात रोज अळूच्या ढिगापाशी उभ्या. कुणी जुडी उचलली की विचारायच्या, "घरी चिंच आहे ना?" भाजीवाली वैतागली. "आज्जी, तुमी हितं हुब्या ऱ्हायल्या की लोकांस्नी वाटतंय माझंच अळू खाजरं हाय!"

एकदा मी म्हटलं, "जाऊबाई, चिंच मी पिठात घातली होती आणि तुम्हाला बोलले नाही. माझं नाव सांगा की लोकांना."

"कॅमेऱ्यापुढे तू होतीस का?"

"नाही."

"मग गप्प बस. आणि वाट्या धू."

गेल्या महिन्यात त्या गेल्या. वय झालं होतं, रडण्यासारखं काही नव्हतं. पेठेत शोकसभा झाली. मोबाइलवर स्वयंपाक दाखवणारी एक मुलगी आली होती. "त्या आम्हा सगळ्यांच्या गुरू," म्हणाली, आणि तिने पडद्यावर त्यांचा जुना कार्यक्रम लावला. नेमकी अळूवडी. जाऊबाई हसत हसत वाट्या दाखवत होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी उठले. "टाळ्या नंतर वाजवा. त्यात चिंच राहिलीय."

त्या मुलीने फोन माझ्यासमोर धरला. "आजी, इकडे बघून सांगा ना. हजारो लोक बघतील."

"अळूच्या पिठात चिंचेचा कोळ घालायचा," मी म्हटलं. "तो मी घरीच घातला होता आणि त्यांना सांगितलं नाही. चूक माझी. त्यांची नव्हे."

"आजी, तुमचं नाव?"

"नाव कशाला? चिंच सांग लोकांना."

घरी येऊन चहा टाकला. बघते तर साखर एका वाटीत काढलेली, पावडर दुसरीत, आलं तिसरीत. कधी काढली कळलंच नाही. दाराकडे तोंड करून चहा केला, एकटीने प्यायले. मग वाट्या धुतल्या.