तांदूळ कोरडे निघाले

"तोंड उघड," मॅडम म्हणाल्या.

मी उघडलं. त्यांनी वरूनच, हात न लावता, कच्चे तांदूळ माझ्या जिभेवर टाकले. त्यांच्या सासूबाईंनी कोण्या महाराजाकडून मंतरून आणले होते ते. घरातलं काही हरवलं की कामाच्या माणसांना चावायला द्यायचे. चोरी केली असेल त्याच्या तोंडात तांदूळ भिजत नाही, कोरडा भुगा बाहेर येते, असं त्या मानत. खोटं काहून बोलू, मीही मानत होती. आमच्या मोर्शीकडच्या गावातही असं करतात.

सकाळची वेळ. महाराजपूरची कॉलनी. बंगल्याच्या गेटबाहेर, भर रस्त्यावर, आम्हाला दोघींना उभं केलं होतं. मी झाडू-भांड्याची आणि रामकली स्वयंपाकाची. मॅडमच्या सुनेचे सोन्याचे झुमके सापडत नव्हते. समोरच्या गॅलऱ्यांमध्ये बाया जमल्या होत्या. एक जण मोबाईल धरून होती.

रामकलीनं आधी चावले. थुंकली. खाली अंथरलेल्या पेपरवर पांढरा ओला गोळा पडला.

मग माझी पाळी. मी चावून राहिली, चावूनच राहिली. तोंडात थुंकी म्हणून नव्हती. जीभ टाळूला चिकटली. थुंकली तर पीठ उडालं.

वरून कोणीतरी हसलं.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांचा आवाज कधी चढत नसे. "बघा," म्हणाल्या. "मला वाटलंच होतं. कितीही जीव लावा, तुमच्या लोकांची सवय काही जात नाही." मग गॅलरीकडे पाहून हिंदीत, "यही है."

माझ्या हनुवटीला पीठ लागलं होतं. पुसायचंही सुचलं नाही. आणि मी काय म्हणाली, तर "जी मॅडम." रोज म्हणायची तसंच. भांडी घास, जी मॅडम. तू चोर आहे, जी मॅडम.

घरी आली. घर म्हणजे अधारतालच्या मागची भाड्याची खोली. दार लावलं आणि माझी पेटी उघडली. सगळे कपडे काढले. झटकले. पिशवी उलटी केली. डाळीच्या डब्यात हात घालून पाहिलं. झुमके शोधत होती मी. माझ्याच घरात. तांदूळ कोरडे निघाले म्हणजे कुठं ना कुठं असतीलच, असं वाटून राहिलं होतं. हातानं घेतले नसतील पण पदरात अडकून आले असतील. काहीतरी असेलच.

नवरा खमरियाकडे ठेकेदाराच्या हाताखाली माल चढवायचं काम करते. संध्याकाळी आला. पसारा पाहिला. त्याला आधीच कळलं होतं. मग हळूच म्हणाला, "घेतले असतीन तर देऊन टाक. मी नाही रागावत."

मी रडली नाही. पोळ्या केल्या. तो जेवला.

मॅडमचा मला फार आधार होता, हे सांगितलं पाहिजे. लग्न करून इकडं आली तेव्हा मला इथली हिंदी नीट येत नव्हती. भाजीवाल्यापाशी उभी राहायलाही भ्याव वाटे. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात चहाचे कप उचलायचं काम मिळालं होतं. तिथं या बाईंनी विचारलं, "काय गं, कुठली तू?" मराठीत. माझे डोळेच भरून आले. साहेब बँकेत मोठे. मॅडमनी काम दिलं, आमच्या खोलीसाठी घरमालकापाशी शब्द टाकला. दिवाळीला साडी. माझा कप वेगळा होता, मागच्या खिडकीत, फिनाईलच्या बाटलीजवळ. मी 'काहून' म्हटलं की त्या आणि सूनबाई हसत. "परत म्हण ना," म्हणत. मी परत म्हणायची. मलाही हसू यायचं. काम देणाऱ्याच्या हसण्याचं वाईट वाटून घ्यायचं असते हे मला माहीतच नव्हतं.

पुढच्या दिवसांत मी कॉलनीतल्या दुसऱ्या घरांत काम मागायला गेली. दारं उघडत. माझा चेहरा पाहत. "रहने दो दीदी, हमें ज़रूरत नहीं." चेहरा मोबाईलवर फिरून राहिला होता. मग एक दिवस गावाहून आईचा फोन आला. कोणाच्या तरी पोरानं तिला दाखवलं होतं.

"तांदूळ खाल्ले म्हणते तू?" आई म्हणाली.

"हो."

"सुके निघाले?"

"हो."

ती म्हणाली, "मायले तरी खरं सांग बाई."

एवढं झाल्यावर मग मी रामकलीकडे गेली, काय करू विचारायला. रामकली मॅडमकडेच कामाला होती अजून. तिनं तोंड फिरवलं नाही. तिच्या सासूची बंद पडलेली पेन्शन एका ठिकाणच्या वकिलांनी सुरू करून दिली होती. "चल," म्हणाली. "वकील लोग बैठते हैं. पैसा नहीं लेते. डाँटते ज़रूर हैं."

सामुदायिक भवनाचा हॉल. लाल प्लास्टिकच्या खुर्च्या. कायद्याच्या कॉलेजची पोरंपोरी टेबलं लावून बसली होती आणि त्यांच्यात एक वकीलबाई, केस पिकलेले, सगळे त्यांना दीदी म्हणत. एका म्हाताऱ्याला मुलानं घराबाहेर काढलं होतं. एका बाईच्या घरमालकानं लाईट कापली होती. सगळे आपापल्या पाळीची वाट पाहत बसले होते. मी भिंतीशी खाली बसली. एक पोरगी आली, म्हणाली, "आंटी, कुर्सी पे. नीचे वालों का नंबर नहीं आता." गंमत करत होती. मी घाबरून उठली.

माझी पाळी आली. मी सांगितलं. मधेमधे आवाज जात होता. तांदळाचं सांगितलं तेव्हा दीदींनी पेन खाली ठेवला.

"चावल?"

"जी."

"चावल की गवाही किसी अदालत में नहीं चलती. कुकर में चलती है." पोरं हसली. त्या नाही हसल्या. "मुँह डर से सूखता है. जज टेढ़ा हो तो मेरा भी सूख जाता है. मैंने किसके झुमके चुराए?"

मला माझी शाळा आठवली.

शाळेत गुरुजी वाचायला उभं करत. पुस्तक हातात, अक्षरं समोर, अन् तोंड कोरडं. शब्द निघायचा नाही. "मठ्ठ आहे," म्हणत गुरुजी. सातवीत मी शाळा सोडली. अभ्यास येत होता मला. तोंड कोरडं पडायचं, एवढंच. हे कोणी सांगितलं नाही. घरच्यांनी नाही, गुरुजींनी नाही.

मग दीदींनी विचारलं, "आपको क्या चाहिए?"

"जी, आपको जो ठीक लगे."

"मुझे कुछ नहीं लगता. आपको क्या चाहिए?"

मला सांगता येईना. काम परत पाहिजे, म्हणाली. मग म्हणाली, नाही. मग म्हणाली, मॅडमचे उपकार आहेत, त्यांना त्रास नको. दीदींनी कागद बाजूला सारला. त्यांच्याकडची रीतच तशी होती. माणूस स्वतः सांगत नाही तोवर त्या एक ओळ लिहीत नसत. "सोचकर आइए," म्हणाल्या. "मैं यहीं हूँ."

मला राग आला त्यांचा. एवढी हिंमत करून गेली आणि रिकामी परत.

पण प्रश्न डोक्यात राहिला. पाणी भरताना, तांदूळ निवडताना. आणि तांदूळ निवडता निवडताच एक गोष्ट समोर आली. तांदूळ आम्हा दोघींनाच दिले होते. घरात त्या दिवशी साहेब होते, त्यांना दिले नाहीत. झुमके जिचे, त्या सूनबाईंना दिले नाहीत. तिचा भाऊ राहायला आला होता, त्याला नाही. आणि ते सगळे उन्हात रस्त्यावर उभे राहिले असते, गॅलरीतून लोक पाहत असते, तर त्यांची तोंडं ओली राहिली असती का? राहिली असती. त्यांना कशाचं भ्याव? तांदूळ चोर पकडत नाहीत. ज्याची रोजी दुसऱ्याच्या हातात आहे अन् जो घाबरते त्याला पकडतात.

मी तशीच बसली. आनंद झाला नाही. सगळं थंड झालं आतून. पेटीतले कपडे मी विनाकारण झटकले होते.

पुन्हा गेली. म्हणाली, "दीदी, वो बोलें. वहीं गेट के सामने, जहाँ बोला था. कि ये चोर नहीं है. सब सुनें ऐसा."

"बस यही?"

"यही."

त्यांनी लिहिलं. मग पूर्ण मोठ्यानं वाचून दाखवलं आणि विचारलं, यातलं काही तुमचं नसेल तर सांगा. मी एक शब्द काढायला लावला. त्यांनी 'बेचारी' लिहिलं होतं. त्यांनी काढला. रामकलीला साक्षीचं विचारलं, तर ती खाली पाहत म्हणाली, "मेरी नौकरी है वहाँ, दीदी." मी तिला बोल लावत नाही. दीदी म्हणाल्या, व्हिडिओ आहे. हसायला काढला होता, आता तोच बोलेल.

नोटीस गेली. त्यात लिहिलं होतं की बोलणी करायची तर सामुदायिक भवनात या, नाहीतर बदनामीची तक्रार थेट कोर्टात लावू.

मॅडम आल्या. साहेबही. लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर मॅडमनी आधी रुमाल अंथरला. दीदींना नमस्कार केला आणि माझ्याकडे वळून मराठीत बोलायला लागल्या, हळू, गोड. "कशी आहेस गं? वाळलीस. हे बघ, झुमके मिळाले. सूनबाईंच्या माहेरी राहिले होते. म्हटलं, आधी तुलाच सांगावं."

दीदींना मराठी येत नव्हती. "क्या कह रही हैं?"

मॅडम माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "हे आपलं आपल्यात राहू दे. आपण मराठी माणसं. या परक्यांना कशाला सांगायचं?"

त्यांनी मला पहिल्यांदाच हात लावला होता. या शहरात मराठीत कोणी गोड बोललं की मी आजवर विरघळत आली. त्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

मी हात काढून घेतला.

"बोल रही हैं, झुमके मिल गए," मी म्हणाली. "बहू के मायके में थे."

टेबलाभोवतीची पोरं लिहायची थांबली.

"और?" दीदींनी विचारलं.

"और बोल रही हैं, ये बात आपको नहीं बतानी है."

एका पोरीनं तोंडावर हात धरला. साहेब खाकरले.

मॅडमचा चेहरा लाल झाला, पण आवाज तसाच. "अगं, मुलीसारखं वागवलं तुला मी."

"बोल रही हैं, बेटी जैसा रखा," मी सांगितलं. मग मॅडमकडे पाहून म्हणाली, हिंदीतच, "मैं बेटी नहीं थी. काम वाली थी. काम ठीक करती थी."

"बरं बाई, सॉरी," मॅडम म्हणाल्या. "सॉरी बोल दिया. अब? सोमवार से आ जाना. जो हुआ सो हुआ."

सगळे माझ्याकडे पाहून राहिले. दीदींनी काही सुचवलं नाही. पुन्हा एवढंच, "आपको क्या चाहिए?"

"यहाँ नहीं," मी म्हणाली. "गेट पे. सबके सामने."

तेव्हा मॅडमचा आवाज चढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "डोकं फिरलंय का तुझं? लोक काय म्हणतील मला!"

हे मी हिंदीत सांगितलं नाही. ते सगळ्यांना कळलं.

त्या उठल्या. साहेब त्यांच्या मागे. दारातून साहेब म्हणाले, "देख लेंगे." रुमाल खुर्चीवरच राहिला.

दीदींनी मला पाणी दिलं आणि खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, कोर्टात हे वर्षानुवर्षं चालेल. तारखा पडतील. त्यांचा वकील तुम्हालाच उभं करून उलटंसुलटं विचारेल. निकाल तुमच्या बाजूनं लागेलच असं मी सांगू शकत नाही. "लगाऊँ?"

"लगाइए."

लावली. आता मी दुसऱ्या भागात एका हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात काम करते. तारीख असली की सुट्टी घेते. वाट्याला जास्त करून नुसतं बाकावर बसणं येते. त्यांचे वकील पुढची तारीख मागतात, ती मिळते. मी परत येते. नवरा विचारत नाही, पण तारखेच्या दिवशी सकाळी पाणी तोच भरून ठेवते. आईला मी फोनवर सांगितलं, झुमके मिळाले. ती म्हणाली, "चला, सुटली तू." मी म्हणाली, नाही आई, सुटली नाही. ते मिळाले म्हणून मी चोर नाही, असं नाहीये. नसते मिळाले तरी नव्हती. तिला किती समजलं माहीत नाही.

मला जिंकल्यासारखं काही वाटत नाही. कॉलनीच्या रस्त्यानं गेली तर अजून पाय जड होतात. तरी त्याच रस्त्यानं जाते.

मागे मंडळाच्या एका बाईंकडून निरोप आला. मॅडमनी तुझ्यासाठी एवढं केलं, उपकार विसरलीस, केस मागे घे. मी निरोप परत पाठवला. उपकार याद आहेत, म्हटलं. केस चालू राहील.