काका तिसऱ्यांदा सीरियस

माझे चांदवडचे नामदेवकाका एका हिवाळ्यात तीन वेळा मरणाच्या दारात जाऊन आले, आणि त्यातलं त्यांना स्वतःला काहीही माहीत नव्हतं.

दोन हजार तीन-चारची गोष्ट. लग्नाला सात वर्षं झाली होती, घरात पाळणा नव्हता. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी आमचे सगळे कागद पाहिले आणि उपाय सांगितला. सुनीताचं (म्हणजे माझ्या बायकोचं) स्त्रीबीज ज्या दिवशी सुटेल, त्याच्या आसपास दवाखान्यात यायचं. मी नमुना द्यायचा, त्या तो स्वच्छ करून नळीने आत सोडणार. "तीन महिने करून बघू," त्या म्हणाल्या. "नाही जमलं, तर पुढचं मुंबईला."

दिवस कसा कळणार? तर मेडिकलमधून पट्ट्यांचा डबा आणायचा. रोज दुपारी सुनीताने लघवीत पट्टी बुडवायची. एक रेष कायमच उमटते. दुसरी तिच्याइतकीच गडद झाली, की लगेच दवाखान्यात फोन आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजर!

ऐकायला सोपं आहे. पण मी नाशिक रोडच्या एका सरकारी कचेरीत कारकून. कागद दिसला की फाईल उघडायची, हा हाताला लागलेला रोग! मी रोजची पट्टी आखीव कागदावर चिकटवायचो, तारीख घालायचो आणि शेजारी शेरा लिहायचो. 'फिकट.' 'फिकटच, परंतु कालपेक्षा बरी.' खाली सही.

"अहो, झाली की गडद!" सुनीता म्हणायची.

"थांब. खिडकीपाशी बघू दे."

"खिडकीपाशी काय रंग बदलणार आहे तिचा? साडी घेताय का?"

डॉक्टरीण बाईंनी ती फाईल एकदा चाळली. "निकम," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "पट्टी नुसती बघायची असते. मंजूर करायची नसते."

खरी अडचण रजेची होती. रेष गडद झाली की दुसऱ्याच दिवशी रजा पाहिजे, आणि कारण काय सांगणार? 'साहेब, रेष आली'? कचेरीत चहाला कोण किती साखर घेतो हेसुद्धा सगळ्यांना माहीत. माझ्या या भानगडीवर तर त्यांनी वर्षभर चहा प्यायला असता! म्हणून पहिल्या महिन्यात मी तोंड पाडून सांगितलं, "चांदवडचे काका सीरियस आहेत." रजा मिळाली. दवाखान्यातलं काम झालं. पंधरा दिवसांनी कळलं, नाही जमलं. दुसऱ्या महिन्यात काका पुन्हा सीरियस. पुन्हा नाही जमलं.

त्या दुसऱ्या वेळी सुनीता दोन दिवस कुणाशी बोलली नाही. मी फाईल कपाटावर टाकून दिली.

तिसऱ्या महिन्यात एका सोमवारी दुपारी कचेरीतला फोन वाजला. "आली," सुनीता म्हणाली. "काळीकुट्ट आहे. खिडकीची गरज नाही. बाईंनी उद्या नऊला बोलावलंय. तुमचा नमुना फार तर अकराला, बाराला त्यांना दुसरीकडे ऑपरेशन आहे. अहो, हा शेवटचा महिना."

मी पाठकसाहेबांसमोर उभा राहिलो.

"पुन्हा?" साहेबांनी चष्मा काढला. "तिसऱ्यांदा? अरे निकम, काय जिद्दीचा माणूस आहे हा!"

आता पाठकसाहेब म्हणजे अत्यंत सज्जन माणूस, आणि सज्जन माणसाइतका धोका दुसरा नाही. कचेरीत कुणाचंही आजारी माणूस असलं की स्वतःच्या मारुती व्हॅनमधून भेटायला जाणं, हे त्यांचं व्रत. आधीच्या दोन्ही वेळी ते ऑडिटमध्ये अडकले म्हणून मी वाचलो, पण मला हे माहीत होतं. तरी मी तीनदा काकांना आजारी पाडलं! यावरून माझ्या अकलेचा अंदाज यावा.

मंगळवारी सकाळी आठला आम्ही घराला कुलूप लावतोय, तोच दारात व्हॅन. साहेब गाडी चालवतायत, शेजारी आमच्या सेक्शनचा गांगुर्डे, त्याच्या मांडीवर ग्लुकोजचे डबे आणि चार शहाळी.

"बसा!" साहेब म्हणाले. "एकट्याने एसटीने जायचं नाही. आम्ही आहोत."

"साहेब, कशाला उगीच…"

"निकम, एक अक्षर बोलू नका."

मी बोललो नाही. सुनीताने माझ्या दंडाला चिमटा काढला, तरी बोललो नाही. "द्वारकेला उतरू," मी तिच्या कानात पुटपुटलो, "काहीतरी सांगतो." द्वारका आली. दवाखान्याची पाटी समोर दिसली. मी तोंड उघडलं, तेवढ्यात गांगुर्डे मागे वळून म्हणाला, "धीर धर रे, निकम." डोळ्यांत पाणी होतं हो त्याच्या! माझं तोंड मिटलं. पाटी खिडकीतून मागे गेली. सुनीता मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली, आणि मग तिने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी अजून विसरलेलो नाही.

पंचवटी गेली, आडगाव गेलं, ओझर गेलं. पिंपळगावला साहेबांनी गाडी थांबवली. "रुग्णाला द्राक्षं चांगली." घासाघीस करून दोन किलो घेतली. पावणेनऊ. नऊ. मी सारखा घड्याळ बघतोय, आणि ते पाहून साहेब ॲक्सिलरेटर दाबतायत, उलट्या दिशेला!

साडेनऊला काकांच्या खळ्यात पोचलो. समोर कांद्याचा डोंगर. त्या डोंगरावर, डोक्याला टॉवेल बांधून, नामदेवकाका ट्रॅक्टरवाल्याच्या नावाने शंख करत उभे!

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

"हे… हे धाकटे काका."

"धाकटा?" काका वरून ओरडले. (कान कसले तिखट, मरणाच्या दारातल्या माणसाचे!) "आरं, मी येकलाच हाय ना तुला! आन् ही शहाळी कोनाला? कोन आजारी हाय?"

गांगुर्डेने शहाळी खाली ठेवली. मग सुनीता पुढे झाली. सात वर्षं ज्या साहेबांसमोर ती डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हती, त्यांना तिने सगळं घडाघडा सांगितलं. पट्टी, रेष, काकांचं तीनदा सीरियस होणं, नमुना, अकरा वाजता, शेवटचा महिना. "आणि या माणसाला," माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "एवढंसं सांगायची लाज वाटली. म्हणून आपण इथे कांदे बघतोय!"

साहेबांचे कान लाल झाले. मला वाटलं, गेली नोकरी. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"मग मूर्खासारखे उभे काय राहिलात, निकम? बसा गाडीत!"

"थांबा," काका कांद्यांवरून घसरत खाली आले. "म्या बी येतो. तीनदा मेलोय म्हनता ना म्या? मग मला बघू द्या, कशापायी मेलो ते!"

परतीचा प्रवास मी डोळे मिटून केला. अकराला सात मिनिटं कमी असताना आम्ही दवाखान्यात घुसलो. आधी सुनीता, मागे मी, मागे साहेब, गांगुर्डे, आणि टॉवेलवाले काका. बाकावर बसलेल्या बायका सरकून बसल्या. नर्सने माझ्या हातात बाटली दिली आणि खोली दाखवली. पातळ प्लायवूडचं दार!

"निकम," साहेब बाहेरून म्हणाले, "घाई नको. पण सात मिनिटं आहेत."

"सहा," गांगुर्डे म्हणाला.

"आरं, गप बसा की!" काका ओरडले. "त्याला काम करू द्या! बाळा, तू आमच्याकडं ध्यान देऊ नको! लय येळ लागला तरी आमी हाय हितं!"

त्या खोलीत काय घडलं ते मी सांगणार नाही. एवढंच सांगतो की सरकारी नोकरीत माझ्याकडून वेळेत झालेलं ते एकमेव काम.

पंधरा दिवसांनी सुनीताने दुसऱ्या प्रकारची पट्टी आणली. या वेळी ती मला न दाखवताच तिने पाहिली, आणि मोरीच्या दारातच बसून रडली. मी घाबरून विचारलं, "फिकट आहे का?" तर रडता रडता हसायला लागली.

बारशाला सगळे आले. मुलीला मांडीवर घेऊन सुनीताने एकेकाचे आभार मानले. डॉक्टरीण बाईंच्या हाताला गुण म्हणून. साहेबांनी गाडी पळवली म्हणून. गांगुर्डेने वाटेत धीर दिला म्हणून. काकांनी दाराबाहेरून आशीर्वाद दिला म्हणून. काका तर फेटा सावरत उठून उभेच राहिले.

मी थोडा वेळ वाट पाहिली. मग हळूच विचारलं, "आणि मी?"

"तुम्ही?" सुनीताने क्षणभर आठवून पाहिलं. "हो, तुम्ही होतात की गाडीत!"