दोन ठोके म्हणजे जेवण

खाली दुकान आणि वर घर असलं की किस्से शोधत हिंडावं लागत नाही. घरातले खाली गळतात, दुकानातले जिन्याने वर जातात. आमच्या नाशिक रोडच्या ओळीत तर आजोबांच्या काळापासून इतके साठलेत, की माझ्या स्टेशनरीच्या दुकानात वह्या ठेवायला जागा उरलेली नाही!

ओळ म्हणजे एकमेकांना चिकटलेली शंभरेक वर्षं जुनी दुकानं. वरच्या घरांना सागाच्या फळ्यांची जमीन, पुढे लाकडी कठडा आणि सगळ्यांवर मिळून एकच कौलारू छप्पर. मधे भास्करकाकांचं भांड्यांचं दुकान. त्यांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सलीमभाई टेलर.

*

काकांच्या दुकानावर कुसुमकाकूंचं राज्य. काकूंनी नवऱ्याला आजवर कधी फोन केलेला नाही. सरळ वरच्या जमिनीवर बत्ता आपटायचा. एक ठोका म्हणजे चहा, दोन ठोके म्हणजे जेवण. सलीमभाई शिवणयंत्रावरूनच ओरडणार, "काका, भाभी का फोन!"

एकदा सटाण्याचा एक शेतकरी मुलीच्या रुखवतात द्यायला कढई बघत होता. वरून धाड, धाड! फळ्यांमधून धूळ पडली. गडी कढई डोक्यावर पालथी घालून थेट रस्त्यावर! तिथून अहिराणीत ओरडला, "काका, वर काय शे?"

काका चप्पल शोधत म्हणाले, "आज वांगी!"

*

जेवायला जाताना शटर पाडायचं नाही, ही ओळीची रीत. शेजाऱ्याला सांगायचं, "जरा दुकानाकडे लक्ष ठेवा, जेवून आलो." मग सलीमभाई काकांची पातेली विकतात आणि काका सलीमभाईंच्या गिऱ्हाइकांची मापं घेतात.

काकांना प्रत्येक भांडं टिचकी मारून तपासायची सवय. एकदा सलीमभाई वर गेलेले असताना एक गरगरीत गृहस्थ सफारी शिवायला आले. काकांनी पोटाभोवती टेप फिरवला, आकडा वाचला आणि सवयीने पोटावर टिचकी मारली. "फर्स्टक्लास! कुठे चीर नाही!"

स्वतः काकांचं तर असं झालंय, की दोन ठोके पडले की अंग आपोआप उठतं. समोर कोण आहे ते बघतच नाहीत. एकदा वजनकाटा तपासायला आलेल्या साहेबालाच "लक्ष ठेवा" सांगून वर गेले. साहेब बिचारा भांबावला, पण त्याने दोन तांबे विकले!

*

मग पुण्याहून केतकी आली. ती वास्तुविशारद, अशा जुन्या ओळींची पाहणी करत होती. खांब, कठडे, कौलं बघून पोरगी इतकी खूश, की आम्हालाच लाज वाटली. त्या कठड्यावर आम्ही गाद्या वाळत घालतो.

"काका, या ओळीला हेरिटेज व्हॅल्यू आहे!"

वरून आवाज आला, "व्हॅल्यू आहे तर संडास खाली का?"

केतकी दचकली. वर बघते तर छतात एक झडप. "ही कशासाठी?"

"माल वर चढवायला," काका म्हणाले.

झडप उघडली आणि काकूंचा चेहरा दिसला. "खोटं सांगू नका! गिऱ्हाइकाशी हे काय बोलतात ते ऐकायला!"

केतकी हरखून गेली. "हेच तर जपायला हवं! इथे घर आणि दुकान एकमेकांशी बोलतात."

"बोलतात कुठे?" काकू म्हणाल्या. "भांडतात."

*

केतकीच्या मागोमाग बिल्डर आला. त्याला पाडून नवं बांधायला अख्खी ओळ हवी होती, नाहीतर काहीच नको. छप्परच एक, त्यामुळे एकट्यादुकट्याने काही ठरवण्यात अर्थ नव्हता. शेवटी सगळ्यांनी भास्करकाकांवर सोपवलं. त्यांनी सही केली तर सगळ्यांची सही, नाहीतर कुणाचीच नाही.

काकूंचे गुडघे धरलेले आणि आमचे जिने शिडीसारखे उभे. त्यात मुलाचा, प्रसादचा, इंदिरानगरला लिफ्टवाला फ्लॅट. "महिनाभर राहून बघतो," काका म्हणाले. "हिला बरं वाटलं तर सही करतो." काकूंनी कपड्यांच्या पिशवीत बत्ताही घातला आणि दोघं गेले.

मी तोंडदेखलं "छान, छान" म्हटलं. खरं सांगतो, मला रडू येत होतं. त्या फळ्यांवर मी रांगलोय. केतकीचा फोन आला, तेव्हा म्हटलं, "तुझं हेरिटेज इंदिरानगरला राहायला गेलं!"

तिकडे काका दिवसभर सोफ्यावर आणि काकू पलीकडे किचनमध्ये. बत्त्याला कामच नाही. नवऱ्याला "जेवायला चला" असं तोंडाने म्हणायची काकूंना सवय कुठे? त्या प्रसादला सांगायच्या आणि प्रसाद काकांना. गुडघे मात्र खरोखरच बरे होते.

*

महिना संपला. काकांनी आम्हाला इंदिरानगरला बोलावलं. टीपॉयवर कागद, समोर बिल्डर, कडेला मी आणि सलीमभाई. आत काकूंचा स्वयंपाक चाललेला. काकांनी पेनाचं टोपण काढलं. सलीमभाईंनी मान खाली घातली.

आतून आवाज आला. धाड, धाड!

"आई, खाली लोक राहतात गं!" प्रसाद ओरडला.

काका उठले. पेन बिल्डरच्या हातात दिलं. "जरा दुकानाकडे लक्ष ठेवा, जेवून आलो." पायात चपला सरकवल्या, दार उघडलं आणि बाहेरचा जिना चढायला लागले.

काकू बाहेर आल्या. सोफा रिकामा, दार उघडं.

"हे कुठे गेले?"

"घरी," सलीमभाई म्हणाले. "जेवायला."

काकूंनी दाराकडे बघितलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. आत जाऊन गॅस बंद केला, भाजी डब्यात भरली, बत्ता पिशवीत टाकला.

"सलीमभाई, ह्यांना खाली आणा, आणि एक रिक्षा थांबवा!"