गोधड्या शाळेत ठेवून जपानला

धुळ्याहून मुंबईची बस सुटली तेव्हा माझ्या गळ्यात हार आणि हातात नारळ होता. सत्काराची शाल अंगावरून काढायचंही सुचलं नव्हतं. शेजारच्या म्हाताऱ्या अक्कांनी विचारलं, "कोनं लगीन शे, बाई?" मी म्हटलं, "लग्न नाही अक्का, अभ्यासदौरा आहे. जपानला." त्या हूं म्हणून खिडकीकडे सरकल्या.

माझी शाळा शिंदखेडा तालुक्यातल्या एका वस्तीवर आहे. दिवाळी आटोपली की मुकादमाचे ट्रक येतात आणि बठ्ठं (सगळं) गाव गुजरातेत ऊसतोडीला जातं. मुलंही जातात. त्यांना थांबवायला मी एक युक्ती काढली होती. ट्रक यायच्या आधी घरोघर हिंडायचं आणि पोराची गोधडी मागून शाळेत आणून ठेवायची. नुसतं "पोर राहू दे" म्हटलं की माय हजार कारणं सांगते. पण गोधडी शाळेत गेली की तिला उसाच्या फडावरच्या थंडीत पोर न्यायचा धीर होत नाही. मुलं शाळेतच जेवायची, रात्री वर्गात झोपायची. मीही तिथेच पथारी टाकायचे.

या उपक्रमामुळे माझी निवड झाली. तारीख मात्र निघाली ती नेमकी ट्रक यायच्या आठवड्यातली. तारीख बदलावी म्हणून मी शिक्षण खात्यातल्या साहेबांना विनवलं. ते म्हणाले, "मॅडम, जपान काही तुमच्यासाठी थांबणार नाही." सोन्याची सुरी म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही, हे मलाही कळतं. पण खरं सांगते, मला जायचं होतं. विमानात बसायचं होतं.

निघण्याआधी सगळ्या गोधड्या गोळा केल्या. शेवटचं घर सातवीतल्या रोशनीचं. तिची आजी उन्हाळ्यातच वारली, त्यामुळे मागे राहणारं घरात कोणी नव्हतं. या वयाची मुलगी एकदा फडावर गेली की तिकडेच सोयरीक जुळते आणि शाळा सुटते ती कायमची. असं झालेलं मी पाहिलं आहे. तिच्या मायने गोधडी पुढे केली, पण हातातून सोडेना.

"तुम्ही शेत तं धीर शे, बाई. तुम्ही जाई राहिनात. रातले पोर कोनापा ठेवू?" (तुम्ही आहात तर धीर आहे. आता तुम्ही चाललात, रात्री मुलगी कोणापाशी ठेवू?)

"निकम सर आहेत ना." निकम सर म्हणजे आमच्या शाळेचे दुसरे शिक्षक.

"सर गडीमानूस शे."

"मी लगेच येते," असं काहीतरी बोलले आणि गोधडी घेऊन निघाले.

मुंबईच्या विमानतळावर ठेच्याची बरणी काढून घेतली. कळण्याच्या भाकरी (ज्वारी-उडदाच्या) तेवढ्या सुटल्या. जपानला पोचल्यावर हॉटेलच्या खोलीत त्या कोरड्याच मोडून खाल्ल्या. खिडकीतून दिसणारा रस्ता इतका स्वच्छ होता की मला उगाच राग आला.

पहिली शाळा डोंगरातल्या गावात होती. दारात बूट काढायचे होते आणि माझा अंगठा मोज्यातून बाहेर आला होता. मुलांनी पाहिलं, पण एकही हसलं नाही. ती मुकाट्याने गुडघ्यांवर बसून आपला वर्ग पुसत होती. त्यांच्याकडे बघत उभी असतानाच निकम सरांचा फोन आला.

"मॅडम, रोशनीची माय काल गोधडी घेऊन गेली. मी लाख समजावलं. पहाटे ट्रक गेला."

"आणि रोशनी?"

"तीही गेली. जाताना शाळेपाशी येऊन विचारत होती, बाई उन्यात का (आल्या का)."

लगेच मला बोलायला उभं केलं. पडद्यावर गोधड्यांच्या थप्प्यांचा आणि मुलांचा फोटो होता. रोशनी पुढच्या रांगेत होती. मी पाठ केलेलं सगळं बोलले. तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंनी दुभाष्यामार्फत एकच प्रश्न विचारला, "रात्री या मुलांजवळ कोण असतं?"

"मी," मी म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

परतल्यावर धुळ्यात पुन्हा सत्कार ठेवला होता. मी गेले नाही. थेट वस्तीवर गेले. रोशनीच्या घराला कुलूप होतं. तिच्यामागोमाग बाकीच्या मुलींच्या मायाही गोधड्या घेऊन गेल्या होत्या. वर्गात मुलगेच तेवढे उरले होते. लोक विचारतात, जपानमध्ये काय शिकलात? मी स्वच्छतेचं सांगते, शिस्तीचं सांगते. पण युक्ती वगैरे कधी नव्हतीच. त्या बायकांनी पोरी माझ्या भरवशावर ठेवल्या होत्या, एवढंच होतं, आणि ते कळायला मला इतक्या लांब जावं लागलं. उन्हाळ्यात ट्रक परत येतील. त्यातून रोशनीही उतरेल, आणि तिच्या गळ्यात मंगळसूत्र असेल, याची मला जवळजवळ खात्री आहे.