मामांची रविवारची पाहणी

दुसऱ्याच्या तोंडावरचे डाग माझ्या मामांइतके मनावर घेणारा माणूस अख्ख्या सातारा-सांगलीत सापडायचा नाही. मामा मूळचे साताऱ्याकडचे, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले आणि सांगलीत घर बांधून राहिलेले. कुपवाडच्या एका कारखान्याच्या ऑफिसात मला नोकरी लागली आणि मी त्यांच्याकडे राहायला गेले. तेव्हा माझी मुरुमं बसली होती, पण गव्हाळ गालांवर त्यांचे काळपट डाग मागे राहिले होते. स्कूटरवर बांधलेला स्कार्फ मी ऑफिसातही सोडत नसे. डबासुद्धा भिंतीकडे तोंड करून खायचे. मामींनी हे मामांच्या कानावर घातलं आणि मामा पेटले. "तोंड लपवायला दरोडा घातलायस व्हय?" म्हणाले.

पहिली चढाई हळदीची. सांगलीत राहून तोंडाला हळदीशिवाय दुसरं काही लावणं ही त्यांच्या मते गावाशी बेइमानी. त्यांनी स्वतः ओली हळद उगाळली, वर लिंबू पिळलं आणि सलग चार दिवस माझ्या तोंडाला थापली. डाग जागेवरच राहिले, मी मात्र कपाळापासून हनुवटीपर्यंत पिवळीधमक. स्कार्फमधून दिसलं तेवढ्यावरूनच ऑफिसात बातमी पसरली की मला हळद लागली! वॉचमननं पेढे मागितले, साहेबांनी न मागता आठवड्याची रजा मंजूर केली. त्यात लिंबानं कातडी चुरचुरली, ऊन लागलं आणि डाग आणखी गडद झाले. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला घेऊन मिरजेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि आत शिरताच म्हणाले, "चूक माझी हाय. पोरीला बोलू नका."

बाईंनी झोपताना लावायचं मलम दिलं, रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं आणि बजावलं, "आपल्या कातडीवर डाग रेंगाळतात. सहा महिने धीर धरा." मामांनी तो हुकूमच मानला. रोज पावणेनऊला दारात उभे. माझ्या गालावर बोट फिरवायचं, बोट चिकटलं तर मी बाहेर, नाहीतर परत आत. आणि रविवारी सकाळी मोठी पाहणी. मला खिडकीपाशी स्टुलावर बसवून, हात पाठीमागे बांधून ते दोन्ही गाल न्याहाळायचे आणि जाहीर करायचे, "लय फरक हाय." पुढे "पाव हिस्सा गेलं", मग "निम्मं साफ". मला आरशात तसं काही दिसत नसे, पण सुभेदार खोटं बोलत नाहीत अशी घरात समजूत. "निम्मं साफ" ऐकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्कार्फ डिकीत टाकला आणि उघड्या तोंडानं ऑफिसात शिरले. कुणी काही म्हणालं नाही. शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी जेवताना फक्त लोणचं पुढे केलं. मला इतका आनंद झाला की मी दोन फोडी जास्तच खाल्ल्या.

मग एका सकाळी दारात दूधवाला उभा असताना मामांनी त्याच्या गालावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "कोरडं हाय पोरी, आत जा." दूधवाल्याला झुपकेदार मिशा होत्या. मामींनी त्याच दिवशी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, वर्षभर यांना समोरच्याचं नाकसुद्धा धड दिसलं नसणार.

दोन्ही ऑपरेशनं झाली आणि त्यानंतरच्या रविवारी मामा माझ्यासमोर आले. बराच वेळ बघत राहिले.

"हायेत की गं अजून," हळूच म्हणाले.

"मग तुम्ही इतके दिवस काय बघत होता?"

"कुठलं बघतोय? दिसतच न्हवतं. पण तू दर रविवारी अशी बसायचीस, मला वाईट सांगवंना. फौजेत कवा खोटा रिपोर्ट दिला न्हाई मी."

मला रागावता आलं नाही. त्या खोट्या रिपोर्टाच्या जोरावर मी दोन महिने उघड्या तोंडानं हिंडत होते, आणि आता परत तोंड झाकायची मला गरज वाटत नव्हती.

पुढे डाग खरोखरच फिके पडले. मामांना आता लांबच्या एसटीची पाटीसुद्धा वाचता येते आणि ते जे दिसेल तेच सांगतात. इतकं स्वच्छ दिसणाऱ्या माणसाकडून तसलं खोटं पुन्हा ऐकायला मिळायचं नाही, याचं मात्र मला अधूनमधून वाईट वाटतं.