अक्कांची फोडणी, आमचा गॅस

आमच्या समोरच्या अक्कांनी शेवटची काही वर्षं स्वतःच्या घरात फोडणी म्हणून दिली नाही. वरण शिजलं की भांडं फडक्यात धरून त्या आमच्याकडे येत, आमच्या गॅसवर मोहरी तडतडवत, आणि आमचं अख्खं घर खोकायला लागलं की समाधानाने परत जात. फोडणीचा धूर साहेबांना बाधतो, एवढंच कारण.

साहेब म्हणजे त्यांचा पोपट. कॉकटील जातीचा, राखाडी अंगाचा, पिवळ्या तुऱ्याचा. अक्कांचे यजमान अण्णा. त्यांनी जन्मभर कचेरीत साहेबांची मर्जी सांभाळली आणि निवृत्त झाल्यावर घरी पुन्हा तेच नशिबी आलं. पोपटाचं रोज सकाळी वजन व्हायचं, शी कशी झाली यावर चर्चा व्हायची. अण्णांची शुगर तपासायचं मात्र कुणाच्या लक्षात राहायचं नाही. शेंगाचटणीच्या हाताने पिंजऱ्याला शिवायचीही बंदी, कारण मीठ पोपटाला वाईट. "तुमचं काय, तुमी कायबी पचवताय की," अक्का म्हणायच्या.

साहेब उडत नसत, घरभर चालत. पायाखाली येतील म्हणून त्या घरात पाऊल उचलायला मनाई होती. फरशीवरून पाय घासत जायचं. अण्णांना त्याची इतकी सवय लागली की नवी पेठेतही ते तसेच चालत. तिथल्या एका दुकानदाराने मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्यांना झटका कधी आला ओ?"

पंख्याच्या बटणावर तर अक्कांनी चिकटपट्टीच मारली होती.

"अक्का, साहेब उडतच नाहीत की," मी म्हणायचे.

"आन् उडावं वाटलं म्हंजे? ते काय आपल्याला इचारून उडणारेत?"

सोलापूरच्या मे महिन्यात अण्णा डोक्यावर ओला पंचा घेऊन बसत आणि पोपटाला शिव्या घालत. एका दुपारी अक्का बाजारात गेल्याचं बघून त्यांनी पट्टी उपटली, पंखा लावला. आणि साहेब जन्मात पहिल्यांदा उडाले. थेट अण्णांच्या टकलावर जाऊन बसले. वर पंखा गरगरतोय, जरा हललं तर साहेब पुन्हा उडणार. "बटण! कुणीतरी बटण बंद करा!" मान ताठ ठेवून अण्णा ओरडत होते. मी धावत त्यांच्या दारापर्यंत गेले आणि तिथून पुढे पाय घासत जाऊन पंखा बंद केला.

आता अण्णांचं काही खरं नाही, असं मला वाटलं. पण अक्का हरखूनच गेल्या. "उडले? कसे उडले? नीट सांगा की!" अण्णांना सगळं पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. मग अक्कांनी बटणावर नवी पट्टी मारली, दुहेरी. अक्का मला फार आवडायच्या.

गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. दवाखान्यात अण्णांबद्दल चकार शब्द नाही, "साहेबांचं कसं व्हायचं?" हाच घोर. मलाही तोच होता, कारण हा पोपट एक दिवस कुणालातरी देऊन टाकीन, असं अण्णा कायम म्हणायचे.

दिवस झाले, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. दारात अण्णा उभे, हातात फडक्यात धरलेलं वरणाचं भांडं.

"मोहरी कुटं असती तुमची?" त्यांनी विचारलं, आणि पाय घासत आमच्या स्वयंपाकघरात गेले.